वाडा (नाशिक परिसरातील अर्थ व वापर)

वाडा : चारही बाजूंनी बंदिस्त आणि आत आभाळ दिसेल असा चौक असलेले मोठे घर. पेशवाईत आणि नंतरच्या शंभरेक वर्षांत सरदार, सावकार, वतनदार व क्षेत्रोपाध्ये (तीर्थक्षेत्री यजमानांची धर्मकृत्ये करणारे उपाध्याय) यांनी बांधलेल्या घरांना हा शब्द मुख्यतः लागतो. त्याचे मूळ संस्कृत ‘वाट’ किंवा ‘वाटक’, म्हणजे कुंपण घातलेली जागा. ‘वाडी’ हा शब्दही त्याच कुळातला. मुळात अर्थ आवाराचा. थाटमाट मागाहून चिकटला. गुरांचा वाडा, कोळीवाडा आणि शनिवारवाडा एकाच शब्दात नांदतात ते यामुळेच.

आवाराचा हा जुना अर्थ नाशिक जिल्ह्यात आजही जिवंत आहे. निफाड, सिन्नर, येवला भागात मेंढपाळ रानात उतरले की ‘अमक्याच्या शेतात वाडा बसला’ असे म्हणतात. या वाड्याला ना भिंत ना दरवाजा. रात्री मेंढ्या कोंडायला सभोवार ताणलेली वाघूर, म्हणजे जाळी, आणि शेजारी चूल मांडलेले बिऱ्हाड, एवढाच त्याचा पसारा. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढपाळांना आपण होऊन बोलावतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो.

वस्तीवाचक वापर मात्र निर्मळ नाही. कुंभारवाडा, गौळवाडा या नावांत व्यवसायाची ओळख आहे. महारवाडा, मांगवाडा या नावांत गावाबाहेर ठेवल्याची खूण आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो म्हणूनच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात वस्तीला ‘पाडा’ म्हणतात.

नाशिक शहरात ‘वाडा’ म्हटले की आधी आठवतो सराफ बाजारालगतचा सरकारवाडा. पेशवेकाळात उभी राहिलेली ही दगडी-लाकडी वास्तू इंग्रजी अमलात सरकारी कामकाजासाठी वापरली गेली. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालयही काही काळ इथेच होते. आज ती राज्य संरक्षित स्मारक आहे. वाड्याचे नाव एका पोलीस ठाण्यालाही मिळाले आणि त्या ठाण्याची हद्द वाड्याच्या सावलीपलीकडे बरीच लांब पसरली आहे, त्यामुळे वाडा कधी न पाहिलेले नाशिककरही ‘सरकारवाडा हद्दीत’ राहतात. पेशव्यांच्या घराण्याशी या भागाचा संबंध निवासाचाही होता. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात गंगापूरला राहिल्या आणि १७८८ मध्ये वारल्या. गंगापूरकडे जाताना लागणाऱ्या आनंदवल्लीत राघोबादादांचा वाडा होता. गावाचे नावही आनंदीबाईंवरून पडले.

पण नाशिकचा खास वाडा सरदाराचा नव्हे, उपाध्यायाचा. हे तीर्थक्षेत्र आहे. परगावचा यजमान गोदावरीवर श्राद्धाला किंवा सिंहस्थाला आला की आपल्या क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यातच उतरायचा. ओसरीवर पथारी, चौकातल्या आडावर आंघोळ आणि माजघरात जेवणाची पंगत. भिंतीतल्या फडताळात लाल कापडात बांधलेल्या वह्या असत. यजमानाच्या आज्या-पणज्याने कधी येऊन सही केली ते त्या वहीत सापडे. पंचवटीत आणि जुन्या गावठाणात वाड्यांची एवढी दाटी का, याचे अर्धे उत्तर या वह्यांत आहे.

रचना साधारण ठरलेली असे. जोते घडीव काळ्या दगडाचे, वर विटा आणि पांढरी माती, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेले, छत. भार लाकूड पेलते, भिंत नुसती आडोसा करते. म्हणून भिंत खचूनही कित्येक वाडे उभे राहतात, आणि तुळईचे टोक ओलीने कुजले की धडधाकट दिसणारा वाडा एका रात्रीत बसतो. मोजमाप ‘खणां’त होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांचा. घर किती मोठे हे विचारायचे तर ‘किती खणांचे?’ असे विचारत. दरवाजा पाहण्यासारखा असतो. मोठ्या दारात वाकून आत जावे लागेल एवढी दिंडी, म्हणजे छोटे दार, आणि आतून लावायला अडणा, म्हणजे भिंतीतल्या पोकळीत सरकवून ठेवलेला लाकडी वासा. दिवसा तो भिंतीत गडप असतो. बाजारपेठेतल्या वाड्यांनी रस्त्याकडची बाजू दुकानांना दिली, त्यामुळे आजही दोन दुकानांमधल्या अंधाऱ्या बोळातून गेल्याशिवाय चौक लागत नाही.

बोलण्यातला एक बारकावा. ‘वाड्यात’ आणि ‘वाड्यावर’ सारखे नाहीत. वाड्यात माणूस राहतो. वाड्यावर तो जातो किंवा त्याला बोलावले जाते, आणि तिथे मालक बसलेला असतो. ग्रामीण चित्रपटांतल्या पाटलांनी या ‘वाड्यावर’ला भलताच वास आणला, आता तो शब्द थट्टेशिवाय उच्चारणे अवघड.

वाड्याच्या शेजारचे शब्द वेगळे ओळखावेत. ‘गढी’ म्हणजे तटबंदीचे, बहुधा उंचवट्यावरचे घर. नाशिकमधली काझीची गढी मात्र आज गोदाकाठची एक ढासळती टेकडी आहे आणि तिच्यावर वस्ती आहे. ‘महाल’ राजघराण्याचा, चांदवडच्या होळकरकालीन वास्तूला रंगमहालच म्हणतात. ‘बंगला’ इंग्रजी अमलातला, चारही बाजूंना मोकळी जागा सोडणारा, म्हणजे रचनेने वाड्याच्या नेमका उलट.

विसाव्या शतकात शहरात या शब्दाचा भाव उतरला. मालक एक-दोन खोल्यांत राहू लागले, बाकी वाड्यात बिऱ्हाडे आली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले. दहा-वीस रुपये भाड्यात तुळई बदलता येत नाही आणि भाडेकरूला दुसरीकडे परवडत नाही, असा हा पेच. जिथे पूर्वी पहारेकरी बसे त्या देवडीत आता विजेच्या मीटरांची रांग असते. त्या पिढीच्या नाशिककराला ‘आम्ही वाड्यात राहायचो’ म्हणताना श्रीमंती सांगायची नसते; सामायिक नळ, चौकातले क्रिकेट आणि कुणाकडे काय शिजतेय ते साऱ्यांना ठाऊक असणे, हे सांगायचे असते.

दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजार या सखल भागांतल्या भिंतींत पाणी मुरते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनंतर हे पुन्हा दिसले. मालक आणि भाडेकरू यांच्यात तडजोड झाली की वाडा पडतो, खांब आणि दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. त्यातले काही शहराबाहेरच्या हॉटेलांच्या दर्शनी भागात लागतात आणि पाटीवर पुन्हा ‘वाडा’ लिहिले जाते. रोमन अक्षरांतल्या पाटीवर ते ‘वडा’ असेही वाचता येते, आणि जेवणाच्या जागेला तेही चालून जाते.