राजाने महाल दिला? तो त्याचा नव्हताच!

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी पंचम जॉर्ज राजाने इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरातला आपला महाल रिकामा करून दिला, ही गोष्ट शंभर वर्षं फिरते आहे. गोष्ट गोड आहे, पण राजाकडे तो महाल होताच कुठे? व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८५० मध्येच, तो ब्रायटन शहराला विकला गेला होता. डिसेंबर १९१४ पासून तिथे जखमी येऊ लागले, ते शहराच्या मालकीच्या इमारतीत. 'राजाचा महाल' ही आवई सरकारच्या मात्र चांगलीच पथ्यावर पडली.

सोय उत्तम होती, हे कबूल. झुंबरांखाली खाटा, धर्म-जातीप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, हिरवळीवर शिखांसाठी तंबूतला गुरुद्वारा. पण बाहेर मोकळं हिंडायची मुभा नव्हती. पाहुणचार म्हणावा तर असा!

आणि आपल्या मराठा पलटणी? त्या लढत होत्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. नोव्हेंबर १९१५ मधल्या टेसिफॉनच्या लढाईनंतर तिथले जखमी स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून हाडं खिळखिळी होत टायग्रिस नदीपर्यंत आले, पुढे खच्चून भरलेल्या बोटींतून बसऱ्याला. त्याची चौकशी झाली, अहवाल १९१७ मध्ये आला.