हवेचा स्क्रू की पेट्रोलचा? कार्बोरेटरला पेचकस लावण्याआधी

गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता उभी असताना, बंद पडते म्हटलं की कार्बोरेटरबद्दल (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, बोलण्यात ‘कार्ब’) पहिला सल्ला ठरलेला: ‘मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा सोड.’ आरएक्स १०० वर हे केलंत तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होईल, थंडरबर्ड ३५० वर केलंत तर रिच (पेट्रोल जास्त). दिसायला दोन्ही स्क्रू पितळी, स्प्रिंग घातलेले, टोकाला निमुळते. पण काम बरोबर उलटं. कार्ब ‘ट्यून करून आणल्यावर बिघडला’ अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हीच गल्लत असते.

एअर स्क्रू स्लो जेटकडे, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या नळीकडे, जाणारी हवा अडवतो. आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच. सोडला की लीन. फ्युएल स्क्रू जेटमधून निघालेलं, हवा मिसळलेलं पेट्रोल इंजिनात जाताना अडवतो. तो आत घेतला की लीन, सोडला की रिच.

ओळखायचं जागेवरून. कार्बच्या मधोमध स्लाइडची (रेस दिली की वर उचलला जाणारा दट्ट्या) उभी नळी असते. स्क्रू तिच्या एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. आरएक्स १०० चा मिकुनी व्हीएम २० कार्ब आणि जुन्या बुलेट ३५० चा व्हीएम २४ हे हवेवाले. थंडरबर्ड ३५० किंवा पल्सर १८० वरचा बीएस २९ पेट्रोलवाला. त्याचा स्क्रू खालच्या अंगाला, मॅनिफोल्डजवळ (कार्ब आणि इंजिन जोडणारी नळी) लपलेला असतो आणि काही वेळा त्यावर पितळी टोपी ठोकलेली असते. व्हीएम कार्बवर स्लाइडकडे रोखलेला दुसरा स्क्रू दिसतो. तो आयडलिंगचा, म्हणजे स्लोवरचा वेग ठरवणारा. तो फक्त स्लाइड वर-खाली धरतो, मिश्रणाशी त्याचा संबंध नाही.

सेटिंग गाडी दहा मिनिटं चालवून, इंजिन गरम झाल्यावरच करावं. चोक बंद, फिल्टर साफ, प्लगचा गॅप बरोबर, रेसच्या केबलला दोन-तीन मिलीमीटर ढील. आधी इंजिन बंद ठेवून स्क्रू हलक्या हाताने आत बसवा आणि किती आटे आत गेला ते मोजून लिहून ठेवा. सगळं फसलं तर परतायला तो आकडा लागतो. मग दीड आटा सोडा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. गाडी सुरू करून आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वाढवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवा आणि दर वेळी दहा सेकंद थांबा. हे थांबणं कोणी करत नाही, आणि घोळ तिथेच होतो, कारण इंजिनाचा आवाज बदलायला तेवढा वेळ लागतो. एका बाजूला फिरवत गेलं की आवाज पडू लागतो, दुसऱ्या बाजूलाही पडतो. त्या दोन टोकांच्या मधे, जिथे इंजिन सर्वांत जोरात आणि एकसारखं फिरतं, तिथे स्क्रू ठेवा आणि आयडलिंग खाली आणा.

मग रेस झटक्यात देऊन सोडा. सोडल्यावर इंजिन वरच लटकून सावकाश खाली आलं तर मिश्रण लीन आहे. खाली येताना आयडलिंगच्याही खाली बुडून मग सावरलं तर रिच. फोर-स्ट्रोक गाडी घाट उतरताना रेस बंद असताना सायलेन्सरमधून फटफट करत असेल तर ती बहुधा लीन, नाहीतर सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरतेय. टू-स्ट्रोकला लीन ठेवणं महागात पडतं: पिस्टन तापतो आणि जाम होतो. शंका असेल तर तिला किंचित रिच ठेवावं.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवा विरळ, म्हणून पुण्यात नीट चालणारी गाडी वर थोडी रिच वाटते. तिथेच राहायचं असेल तर एअर स्क्रू पाव आटा सोडायचा, फ्युएल स्क्रू पाव आटा आत घ्यायचा. दोन दिवसांच्या सहलीसाठी हात लावू नये.

स्क्रू शेवटी कुठे थांबला, हेही काही सांगतं. एअर स्क्रू अर्ध्या आट्याच्या आतच नीट लागत असेल तर स्लो जेट लहान पडतोय किंवा कचऱ्याने अर्धवट बुजलाय; तीन आटे सोडावा लागत असेल तर जेट मोठा आहे. फ्युएल स्क्रूला हाच हिशेब उलटा. आणि कितीही फिरवून काहीच फरक पडत नसेल तर फिरवणं थांबवा: जेट पूर्ण बुजलाय, मॅनिफोल्डच्या रबरातून हवा शिरतेय, किंवा आयडलिंगच्या स्क्रूने स्लाइड इतकी उचललीय की इंजिन स्लो जेटवर चालतच नाही.

फ्युएल स्क्रू पूर्ण काढलात तर आतले बारके भाग मोजून घ्या. आधी स्प्रिंग, मग वॉशर, टोकाकडे ओ-रिंग. ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते आणि कार्ब क्लीनरच्या फवाऱ्यात फुगते किंवा उडून जाते. ती नसली की स्क्रूच्या कडेने हवा शिरते आणि आयडलिंग रोज वेगळं लागतं. वॉशर विसरला तर स्प्रिंग ओ-रिंगला कुरतडते. स्क्रूचं टोकही नखाने चाचपून बघा: आवळून बसवलेल्या स्क्रूच्या टोकावर कंगोरा उठतो, आणि असा स्क्रू कितीही बारकाईने लावला तरी एका जागी ठरत नाही. तो बदलायचाच.