फिक्स्ड रिन्युएबल की स्लिप रिन्युएबल: ड्रिल जिगमधली नेहमीची गल्लत

ड्रिल जिगचं, म्हणजे ड्रिल दर वेळी त्याच जागी नेणाऱ्या साच्याचं, ड्रॉइंग तपासायला आलं की मी आधी बुशांची, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणाऱ्या कडक नळ्यांची, यादी बघतो. बहुतेक वेळा तिथे एकच ओळ असते: 'रिन्युएबल बुश, लायनरसह', आणि पुढे आकडा. (रिन्युएबल म्हणजे बदलता येणारा, लायनर म्हणजे तो ज्यात बसतो ती प्लेटमधली नळी.) फिक्स्ड (स्क्रूने पक्का धरलेला) की स्लिप (हाताने काढता येणारा), याचा पत्ता नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'स्लिपच टाकू, काढायला-घालायला बरं पडतं.' भोसरीपासून शिरोलीपर्यंतच्या टूलरूममध्ये हेच ऐकू येतं. काढायला-घालायला बरं पडतं ते ऑपरेटरला. भोक जागेवर येण्याशी त्याचा काही संबंध नाही.

प्रेस फिट बुश सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्यावर फार वेळ घालवत नाही. जिग प्लेटमधलं भोक एच७, बुशचा बाहेरचा व्यास एन६ (मापात किती फरक चालेल ते सांगणारे हे टॉलरन्सचे वर्ग), प्रेसखाली बसवला की झालं. जर्मन मानकातला डीआयएन १७९ म्हणजे बिनकॉलरचा आणि डीआयएन १७२ म्हणजे कॉलरचा. ड्रिलवर डेप्थ स्टॉप असेल आणि तो बुशवर टेकणार असेल तर कॉलरचा घ्या, भोकं दाटीवाटीने असतील किंवा प्लेटचा माथा सपाट हवा असेल तर बिनकॉलरचा. यात वाद घालण्यासारखं काही नाही. प्रेस फिटची अडचण एकच: आतला व्यास झिजला की तो ठोकून काढावा लागतो, आणि दोनतीनदा काढला-बसवला की प्लेटमधलं भोकच सैल होतं. म्हणून जास्त संख्येच्या जॉबला प्लेटमध्ये आधी लायनर ठोकायचा आणि त्यात बदलता येणारा बुश सोडायचा. इथून पुढे गल्लत सुरू होते.

फिक्स्ड आणि स्लिप हे दोन्ही बुश अंगाने सारखेच असतात. एकाच मापाचे घेतले तर बाहेरचा व्यास तोच, लांबी तीच, कडकपणा तोच. दोघेही त्याच लायनरमध्ये बसतात. जर्मन मानकात दोघांना डीआयएन १७३ हा एकच क्रमांक आहे, त्यामुळे नुसता क्रमांक लिहून ऑर्डर दिली की दुकानदार हाताला येईल तो पाठवतो. फरक आहे तो डोक्याच्या खाचेत. फिक्स्डच्या डोक्याला एक बंद खाच असते. बुशशेजारी प्लेटमध्ये बसवलेल्या स्क्रूचं डोकं त्या खाचेवर आलं की बुश फिरतही नाही आणि वरही येत नाही. काढायचा तर पाना घेऊन स्क्रू सोडवावा लागतो. स्लिपच्या डोक्याला नर्लिंग (बोटांच्या पकडीसाठी खरखरीत कडा) असतं, एका बाजूला वरपासून खालपर्यंत मोकळा काप आणि त्याला लागून एक पायरी. काप स्क्रूसमोर धरून बुश खाली सोडायचा, घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, पायरी स्क्रूच्या डोक्याखाली शिरते. उलटा फिरवला की हाताने बाहेर. ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे ते बुशला पायरीच्या टोकापर्यंत ढकलत राहतं आणि ड्रिल वर ओढतानाही बुश जागा सोडत नाही. रचना उत्तम आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती तिच्या वापराबद्दल, आणि त्यासाठी मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) हिशेब मांडावा लागेल. १० मिलिमीटरच्या ड्रिलचा बुश घ्या. बुशचा आतला व्यास एफ७, म्हणजे १० वर १३ ते २८ मायक्रॉन जास्त. ड्रिल एच८ शाफ्टच्या टॉलरन्सचं, म्हणजे १० पासून २२ मायक्रॉन खालीपर्यंत. दोघांत १३ ते ५० मायक्रॉनची मोकळीक. ही मोकळीक प्रेस फिटमध्येही असते, तिला इलाज नाही. आता लायनर आला. या मापाला बुशचा बाहेरचा व्यास १५. लायनरचा आतला व्यास एफ७, म्हणजे १६ ते ३४ मायक्रॉन जास्त, आणि बुश एम६, म्हणजे ७ ते १८ जास्त. काही जोड्यांत २ मायक्रॉनचा ताण येईल, म्हणजे बुश लायनरच्या भोकापेक्षा तेवढा मोठा असेल, तर काहींत २७ मायक्रॉनपर्यंत मोकळीक राहील. प्रेस फिटमध्ये नसलेली ही दुसरी मोकळीक रिन्युएबलमध्ये येतेच, मग तो फिक्स्ड असो वा स्लिप. इथपर्यंत दोघे बरोबरीत आहेत.

फरक पडतो तो ही मोकळीक किती वेळा नव्याने वाटली जाते यात. फिक्स्ड बुश एकदा बसला की लायनरमध्ये ज्या बाजूला टेकला असेल तिथेच राहतो. भोक १० मायक्रॉन डावीकडे जात असेल तर पहिल्या जॉबपासून हजाराव्यापर्यंत जवळपास तेवढंच डावीकडे जाईल. चूक आहे, पण ठरलेली आहे. पहिल्या जॉबच्या तपासणीत ती दिसते, आणि स्वीकारायची की लायनर हलवायचा हे तुम्ही ठरवू शकता. स्लिप बुश मात्र प्रत्येक जॉबला बाहेर येतो आणि आत जातो. दर वेळी तो लायनरमध्ये वेगळ्या बाजूला टेकतो. त्यात डोक्याखाली बिडाची भुकटी किंवा स्टीलच्या चिपचा तुकडा सापडला तर बुश किंचित तिरपाही बसतो. आजचा जॉब डावीकडे, उद्याचा उजवीकडे. तपासणीत अशी चूक पकडणं सगळ्यात अवघड, कारण पहिला जॉब पास होतो, विसावाही होतो, आणि मधलाच एखादा असेंब्लीवर अडतो. मग दोष रेडियल मशीनच्या स्पिंडलला दिला जातो. तीच जागा तशीच गाठणं हे ज्या जिगचं काम, तिच्यात दर जॉबला हलणारा भाग विनाकारण घालायचाच कशाला?

दुसरं कारण याहून गंभीर आहे. ८ च्या वर आणि १० पर्यंतच्या सगळ्या भोकांच्या बुशला बाहेरचा व्यास १५ च असतो. म्हणजे ८.५, ९, ९.८ आणि १० चे बुश एकमेकांच्या लायनरमध्ये गुपचूप बसतात. स्लिप असतील तर घाईच्या शिफ्टमध्ये त्यांची अदलाबदल होणारच. १० च्या बुशमधून ९ चं ड्रिल गेलं तर १ मिलिमीटरची मोकळीक मिळाली, मग जिग वापरली काय आणि पंच मारून भोक पाडलं काय, सारखंच. फिक्स्ड बुश स्क्रूखाली असतो, तो चुकून हलत नाही.

मग स्लिप कुठे वापरायचा? एकाच भोकात, जॉब क्लॅम्प न सोडता, दुसरं टूल घालायचं असेल तिथे, आणि फक्त तिथे. उदाहरणाला बिडाचं गिअरबॉक्स कव्हर घ्या. त्याला एम८ बोल्टसाठी ९ ची सहा आरपार भोकं, एम८ टॅपची (आत आटे पाडायची) चार आणि १० एच७ ची दोन डॉवेल भोकं (जागा ठरवणाऱ्या पिनांची) आहेत. सहा आरपार भोकांना एकच ड्रिल लागतं, तिथे फिक्स्ड. डॉवेलला आधी ९.८ चं ड्रिल, मग रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल), त्यामुळे दोन स्लिप बुश: एक ड्रिलचा, एक रीमरचा. इथे स्लिपची ती २७ मायक्रॉनची हालचाल झेपते, कारण रीमरला प्रत्येक बाजूला १०० मायक्रॉन माल कापायचा असतो, ड्रिलचं भोक थोडं सरकलं तरी रीमरला सगळीकडून कापायला मिळतं. टॅपच्या चार भोकांना ६.८ चा स्लिप बुश. ड्रिल झालं की बुश काढायचा आणि टॅप मोकळ्या लायनरमधून सोडायचा. टॅपला बुश लागत नाही, तो ड्रिलच्या भोकामागेच जातो. काही जण टॅपसाठीही स्लिप बुश करून घेतात. ते मला अजिबात पटत नाही. टॅप उलटा फिरवून काढताना बुशही उलटा फिरू पाहतो, पायरीतून सुटतो आणि टॅपबरोबर वर येतो.

याच कव्हरचे दोनशेच नग काढायचे असतील तर आरपार भोकांना मी लायनरही घालणार नाही, सरळ प्रेस फिट. एक मोकळीक कमी झाली, खर्चही वाचला. लायनर लावला म्हणजे जिग दर्जेदार झाली असा समज पसरला आहे, तो सोडून द्यावा.

अमेरिकन पद्धतीच्या कॅटलॉगमध्ये हे प्रकार अक्षरांनी ओळखतात: फिक्स्डला एफ, स्लिपला एस, आणि डोक्यावर दोन्ही खाचा असलेल्याला एसएफ. स्टोअरला एसएफ आवडतो, कारण एकच माल ठेवला की काम भागतं. मी मागवत नाही. फिक्स्ड म्हणून बसवलेला एसएफ कुणीही अर्ध्या मिनिटात फिरवून स्लिप करतो, आणि एकदा केला की तो पुन्हा फिक्स्ड होत नाही.

लॉकिंगबद्दल एक सांगायचंच आहे. बुशचा शोल्डर स्क्रू हरवला की त्या जागी साधा ॲलन बोल्ट आणि वॉशर येतो. शोल्डर स्क्रूचा खांदा प्लेटवर टेकतो आणि डोक्याची उंची ठरलेली राहते. ॲलन बोल्ट मात्र आवळाल तितका वॉशर बुशच्या डोक्याची एक बाजू दाबत जातो, बुश लायनरमध्ये तिरका होतो आणि ड्रिल त्याच्या खालच्या कडेला घासू लागतं. असा बुश काढून उजेडात धरा: आतल्या व्यासात वर एका बाजूला आणि खाली बरोबर उलट बाजूला चकचकीत पट्टा दिसेल. बुश अजून मापात असला तरी भोक तिरकं जाणार.

स्लिप बुश लायनरमध्ये घट्ट जातो म्हणून त्याला बाहेरून एमरी पेपर मारणारेही आहेत. तो २ मायक्रॉनचा ताण आठवा, काही जोड्या घट्ट येणारच. अशा वेळी बुश घासायचा नाही. लायनर ठोकल्यावर थोडा आवळतो, म्हणून त्याचा आतला व्यास हलका होन करायचा (बारीक दगडाने घासायचा) आणि सगळे बुश त्याच्यात लावून बघायचे. एमरीने बुश गोल राहत नाही, आणि तो बुश दुसऱ्या जिगवर गेला की तिथेही सैल.

ऑर्डर देताना पूर्ण लिहा: फिक्स्ड की स्लिप, आतला व्यास, बाहेरचा व्यास, लांबी, आणि सोबत त्याच मानकाचा शोल्डर स्क्रू. मल्टी-स्पिंडल हेडवर काही स्पिंडल उलट फिरतात, तिथे डाव्या हाताचं ड्रिल आणि डाव्या हाताचाच स्लिप बुश लागतो. उजव्या हाताचा बसवला तर ड्रिलच त्याला पायरीतून सोडवतं. स्लिप बुशच्या डोक्यावर माप कोरून घ्या, मार्करने लिहू नका, कटिंग ऑइलमध्ये ते पहिल्याच शिफ्टला पुसलं जातं. ९.८ आणि १० डोळ्यांना सारखेच दिसतात.