जयपूर फूट आणि कॅलिपर: परदेशी क्लिनिकमध्ये स्वयंसेवेला जाण्याआधी

परदेशातल्या 'प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स' क्लिनिकमध्ये स्वयंसेवक म्हणून जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: जयपूर फूट घालून उभा राहिलेला माणूस. त्या 'अँड'च्या पलीकडचा शब्द वाचायचा राहून जातो. कुणाला तो ऑर्थोपेडिकचा भाऊ वाटतो, कुणाला दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडोंटिस्टचा. क्लिनिकमध्ये मात्र एका टेबलावर पाय गेलेला पेशंट असतो आणि शेजारच्या टेबलावर पाय असूनही तो साथ देत नाही असा. पीओपी (प्लास्टर) तेच, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची शीट तीच, ओव्हन तोच. म्हणून नवख्याला दोन्ही कामं सारखी वाटतात.

व्याख्या सोपी आहे. गेलेल्या अवयवाच्या जागी बसतं ते प्रोस्थेसिस. असलेल्या अवयवाला बाहेरून आधार देतं किंवा वळणावर ठेवतं ते ऑर्थोसिस. पोलिओचं कॅलिपर, घोट्याला धरणारं प्लास्टिकचं एएफओ, पाठीचा ब्रेस, क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचे पट्टीला जोडलेले बूट, हे सगळं ऑर्थोसिस. पण तिथे गेल्यावर कामाला येतो तो फरक वेगळाच. प्रोस्थेसिस चुकलं तर पेशंट बहुधा दोन पावलांत तोंड वाकडं करतो. ऑर्थोसिस चुकलं तर कित्येकदा कुणीच काही बोलत नाही, आणि तीन आठवड्यांनी जखम दिसते.

आधी प्रोस्थेसिस. गुडघ्याखालून पाय गेला असेल तर पेशंटला बसवून गुडघा १५ ते २० अंश वाकवतात. स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायावर, ओला मोजा चढवून ओलाव्याने रंग सोडणाऱ्या कॉपीइंग पेन्सिलने गुडघ्याची वाटी, तिच्याखालचा उंचवटा, नडगीची धार, बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं आणि स्टंपचं टोक यांवर खुणा करतात. ओल्या प्लास्टरवर त्या उमटतात. घेर ठरावीक अंतरावर मोजून लिहितात. मग पीओपी बँडेज गुंडाळून दोन्ही अंगठे वाटीखालच्या शिरेच्या (कंडरेच्या) दोन बाजूंना आणि बोटं गुडघ्यामागच्या खळगीत दाबून धरतात. साच्यातून निघालेल्या प्लास्टरच्या ठोकळ्यावर खरी कारागिरी असते: हाडांच्या जागी प्लास्टर चढवायचं, दाब सोसणाऱ्या जागी खरवडायचं. त्यावर फोमचं अस्तर आणि ओव्हनमधून काढलेली गरम शीट व्हॅक्युमने ओढली की सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ते कवच, तयार.

यातल्या चुका बोलक्या असतात. सॉकेट सैल झालं की स्टंप खाली उतरतो, सॉकेटची पुढची पट्टी वाटीच्या खालच्या कडेला लागते आणि टोकाला दुखतं. मोजे जास्त झाले तर उलट: स्टंप पुरता आत जात नाही आणि तीच पट्टी वाटीखालच्या उंचवट्यावर दाबते. वरून घट्ट आणि तळाला पोकळ असेल तर टोक सुजून जांभळं पडतं. तळाला टेकतंय का, हे बघायला सॉकेटमध्ये मळलेल्या मातीची किंवा प्लॅस्टिसिनची गोळी टाकतात. पेशंट उभा राहून उतरला की गोळी किती चपटी झाली ते बघायचं. गोलच राहिली तर तळ पोकळ, कागदासारखी झाली तर भार टोकावर. एवढं स्वयंसेवकालाही बिनचूक करता येतं.

नवा स्टंप मात्र महिनोन्‌महिने आटत राहतो. आज नीट बसलेलं सॉकेट तीन महिन्यांत डुगडुगतं. म्हणून पायासोबत मोजे द्यायचे, आणि कधी एक वाढवायचा, कधी सॉकेटच बदलून घ्यायचं, हे पेशंटच्या भाषेत समजावायचं. मोज्यांवर मोजे चढवून सॉकेटचा आकारच हरवला तर मोजे हा उपाय उरत नाही. शिबिरात वाटलेले पाय घराच्या कोपऱ्यात पडतात त्यामागे बरेचदा पायाचा दोष नसतो, पुढची भेटच ठरलेली नसते.

आता ऑर्थोसिस. अधिक वेळ याच टेबलाजवळ घालवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सॉकेट स्टंपला सगळीकडून कवेत घेतं. ऑर्थोसिस तीन बिंदूंवर चालतं: एका जागी एका बाजूने रेटा, वर आणि खाली उलट बाजूने. तिन्हींतला एक ढिला पडला की उरलेले दोन कामाचे राहत नाहीत. एएफओमध्ये घोट्यावरून तिरका जाणारा पट्टा टाचेला तळाशी बसवून ठेवतो. तो आवळला की मूल रडतं, म्हणून आई तो सैल सोडते. मग टाच वर उचलली जाते, प्रत्येक पावलाला घासते आणि फोड येतो. घरचे म्हणतात, बूट टोचतो. खरं तर बूट सैल असतो.

साचा घेतानाची चूक इथे महाग पडते. पावलावर पुढून प्लास्टिकची पट्टी ठेवून त्यावर पीओपी गुंडाळतात, म्हणजे सुरी फिरवताना कातडी सुटी राहते. घट्ट होईपर्यंत पाऊल नडगीशी काटकोनात, टाच सरळ, असं धरायचं. हे धरणारे हात बहुधा स्वयंसेवकाचे असतात. मधेच बोटं हलली तर आतून सुरकुती पडते, सुरकुतीची प्लास्टिकमध्ये धार होते आणि ती धार कातडीला लागते. बोटांच्या टोकांनी नाही, तळहाताने धरावं. पाणी गरम घेतलं तर प्लास्टर लवकर आवळतं आणि तापतंही. नवख्याने थंड पाणीच घ्यावं, दोन मिनिटं जास्त मिळतात.

त्याआधीची एक तपासणी घाईत सुटते. गुडघा सरळ ठेवून पाऊल काटकोनापर्यंत येतं का? पोटरीची शीर आखडलेली असेल आणि तरी काटकोनातलं एएफओ केलं तर टाच आत बसणारच नाही, किंवा पाऊल मधूनच मोडल्यासारखं वळेल. अशा वेळी पाऊल आहे त्या कोनात धरून टाचेखाली उंची देतात, नाहीतर आधी स्ट्रेचिंग आणि प्लास्टर. वरची कडही बघायची: गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. एएफओ तिथवर चढलं आणि दाबत राहिलं तर पाऊल उचलायची ताकदच जाते. ज्यासाठी एएफओ दिलं तोच दोष एएफओने वाढवायचा!

कॅलिपरमध्ये कसोटी गुडघ्याच्या सांध्याची. लोखंडी सांध्याचा आस शरीराच्या गुडघ्याच्या आसाशी जुळला नाही तर बसताना मांडीचा पट्टा वर-खाली सरकतो आणि कातडी सोलतो. चालताना कुलूप लावलेलं असल्याने हे दिसत नाही. म्हणून पेशंटला चालवून सोडून न देता खुर्चीवर बसवून, जमलं तर जमिनीवरही बसवून बघायचं.

'कुणी बोलत नाही' यालाही अपवाद आहेत. पोलिओने स्नायू जातात, संवेदना शाबूत असते. तो पेशंट कुठे टोचतंय ते बोट ठेवून सांगतो. कुष्ठरोग, मधुमेह, मणक्याची इजा, जन्मजात पाठीच्या कण्याचा दोष यांत पाऊल बधिर असू शकतं. सेरेब्रल पाल्सीच्या लहान मुलाला सांगता येत नाही. शिवाय परक्या देशात, पाहुण्या माणसासमोर, भिडेपोटी 'दुखत नाही' म्हणणारे असतातच. म्हणून विचारण्यापेक्षा बघावं: पहिल्यांदा १५-२० मिनिटं घालून काढायला सांगायचं आणि लाली कुठे आहे ते खुणावायचं. ती वीस मिनिटांतही गेली नाही, किंवा नेमकी हाडावर असेल, तर ते उपकरण त्या दिवशी घरी पाठवू नये. मधुमेहामुळे पाय गेलेल्याचा स्टंपही बधिर असू शकतो, तिथे प्रोस्थेसिसलाही हाच नियम.

चप्पल हा विषय दोन्हींकडे येतो, पण उलट्या दिशांनी. डॉ. पी. के. सेठी आणि रामचंद्र शर्मा यांच्या हातून आलेला जयपूर फूट अनवाणी चालायला आणि उकिडवं बसायला सोयीचा. सॅच फूट, म्हणजे मऊ टाचेचं आणि घोट्याचा सांधा नसलेलं कृत्रिम पाऊल, मात्र ठरावीक टाचेच्या बुटासाठी बनतो. टाच बदलली की माणूस पुढे ढकलल्यासारखा किंवा मागे रेलल्यासारखा चालतो. एएफओला तर बूट लागतोच, तोही एक-दोन नंबर मोठा. सगळे स्लीपर घालतात अशा गावात एएफओ लिहून द्यायचं आणि बुटाचं बोलायचं नाही, म्हणजे अर्धंच काम.

मग तुमचं टेबल कोणतं? आपल्याकडे प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, १९९२च्या कायद्याप्रमाणे. मुंबईतली हाजी अलीची पुनर्वसन संस्था किंवा कामोठ्याचं एमजीएम इथून पदवी घेतलेल्याला दोन्ही टेबलांवर बसता येतं. पण ज्या देशात जाणार तिथला परवाना नसेल तर स्थानिक तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच, आणि व्हिसा कामाला चालतो का, हे आधी लेखी विचारून. फिजिओथेरपिस्टची खरी गरज पॅरलल बारजवळ, म्हणजे चालण्याच्या सरावाच्या समांतर दांड्यांजवळ. पदवी नसलेल्याने साचा घेऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. टांझानियात मोशीचं टॅटकॉट हे प्रशिक्षण केंद्र १९८१पासून आणि कंबोडियात नॉम पेन्हची प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची शाळा १९९४पासून स्थानिक तंत्रज्ञ घडवत आली आहेत. तुम्ही घेतलेला साचा हा तिथल्या विद्यार्थ्याच्या हातून गेलेला साचा असतो.

रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत शीट व्हॅक्युमवर ओढणारा, बफिंग करणारा, रिवेट मारणारा माणूस अशा क्लिनिकमध्ये डॉक्टरइतकाच कामाचा, ही गोष्ट संस्थांच्या माहितीपत्रकात क्वचितच असते. कॅलिपर दुरुस्त करून वापरात ठेवण्यात त्याचाच हात लागतो. दोन आठवड्यांसाठी जात असाल तर प्रोस्थेसिसकडे मोजमाप, गोळीची चाचणी आणि चालण्याचा सराव यांत मदत करा. ऑर्थोसिसकडे दोन आठवड्यांत फार तर साचा घेताना पाऊल धरता येतं आणि जुन्या पेशंटचे पट्टे, रिवेट, अस्तर बदलता येतं. नवीन मुलाला एएफओ देणाऱ्याने तीन-चार महिन्यांनी पुन्हा तिथे असायला हवं, कारण तोवर पाऊल वाढलेलं असतं.

सामान नेणार असाल तर आधी यादी मागवा. जुनं सॉकेट कुणालाच बसत नाही, ते नेऊ नका. कृत्रिम पावलाच्या बोल्टची आटी बघा: कुठे १० मिलिमीटर, कुठे ३/८ इंच. डोळ्याला सारखेच दिसतात, पण जबरदस्तीने पिळला तर आटी कापली जाते आणि चालता चालता पाऊल सुटतं. एएफओसाठी वेल्क्रो, तांब्याचे रिवेट आणि अस्तराचा फोम मात्र कुठेही कमीच पडतात.