पार्श्वभूमी : पुण्याच्या रक्तपेढ्यांना मे महिना का जड जातो?

मे महिना लागला की पुण्यातल्या रक्तपेढ्यांची आवाहनं सुरू होतात. कॉलेजं बंद असतात, निम्मं शहर गावाला नाहीतर कोकणात गेलेलं असतं; शस्त्रक्रिया, अपघात आणि बाळंतपणं मात्र सुट्टी घेत नाहीत. याउलट २६ जानेवारी, शिवजयंती, १५ ऑगस्ट आणि एखाद्या वजनदार नेत्याचा वाढदिवस म्हटलं की शेजारच्या दोन चौकांत रक्तदान शिबिराचे दोन मांडव आणि दोन्हीकडे रांगा. या ओढाताणीचं मूळ आपली रक्तदानाची पद्धत कशी घडली त्यात आहे.

ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट सांगितले, तरी भारतात रक्तपेढी आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, कोलकात्याला. त्यानंतर बरीच वर्षं रक्तपेढी म्हणजे मोठ्या रुग्णालयाचाच एक विभाग असे. रक्त काचेच्या बाटलीत आणि ते आणण्याची जबाबदारी नातेवाइकांची. 'दोन बाटल्यांची सोय करा' असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे एकमेकांची तोंडं बघायचे, आणि ज्यांचं कोणी नसे ते रुग्णालयाच्या आवारात घुटमळणाऱ्या धंदेवाईक रक्तदात्याला गाठायचे. पैशाची निकड असलेला माणूस आपली कावीळ कशाला सांगेल? तो आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा दंड पुढे करायचा आणि त्याच्या पातळ रक्ताची बाटली पेशंटला लागायची.

रुग्णालयाबाहेरच्या, संस्थांनी चालवलेल्या रक्तपेढ्या या पार्श्वभूमीवर उभ्या राहिल्या. पुण्यात जनकल्याण रक्तपेढी १९८०च्या दशकात सुरू झाली. अशा पेढीला स्वतःचा वॉर्ड नसतो, म्हणजे नातेवाइकांना वेठीला धरून पेशंटला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त घेण्याची सोयही नसते. दाते शोधायचे तर वस्तीत, कंपनीत, मंडळात जायला हवं. पुण्यात गणेश मंडळांचं जाळं आधीच विणलेलं होतं; मांडव, माईक, कार्यकर्ते सगळं तयार. शिबिराची प्रथा इथे रुजली ती या जाळ्यामुळे, आणि वेळापत्रकही मंडळांचंच चिकटलं. पुढे हिंजवडीच्या कंपन्यांची त्यात भर पडली.

दरम्यान एड्सने सगळ्यांचीच झोप उडवली. १९८९ मध्ये प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. महाराष्ट्रात हा प्रश्न गंभीर होता. १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. त्याच वर्षी एच. डी. शौरी यांच्या 'कॉमन कॉज' संस्थेने रक्तपेढ्यांच्या कारभाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ४ जानेवारी १९९६ चा निकाल हा या इतिहासातला खरा सांधा. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण (म्हणजे रक्त चढवणं) परिषदा नेमल्या गेल्या, विनापरवाना पेढ्यांवर टाच आली आणि १ जानेवारी १९९८ पासून विकतचे रक्तदाते बंद झाले. माझ्या मते स्वेच्छा रक्तदानाचं श्रेय आपण भाषणांना जरा जास्तच देतो. निम्मं काम या निकालाने केलं.

शिबिरात आजही काही ठिकाणी जुनी निळी बाटली दिसते. मोरचुदाच्या द्रावणात बोटातून काढलेला रक्ताचा थेंब सोडतात. झपकन बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, दाता पास. रेंगाळला, वर आला तर चहा-बिस्कीट घेऊन परत. असं परत जाणाऱ्यांत मुली आणि बायका जास्त असतात, आणि एवढीशी चाचणी घराघरातल्या खाण्याबद्दल बरंच काही सांगून जाते. पास झालेल्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. पुन्हा द्यायचं तर पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिने थांबायचं.

पुढचं काम पेढीत, घड्याळाशी शर्यत लावून. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून, पिशवी निघते तेव्हा तांबड्या पेशी तळाशी आणि वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव. दाब देऊन तो जोडपिशवीत ढकलतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग व मलेरिया या तपासण्यांशिवाय काहीच बाहेर जात नाही. प्लाझ्मा उणे ३० अंशांना वर्षभर टिकतो. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये, पिशवीतल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मात्र २२ अंशांना सतत हलत्या ठेवूनही पाचच दिवस. म्हणून १५ ऑगस्टचं रक्त दिवाळीला उपयोगी नाही आणि शिवजयंतीचं मेमध्ये नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढला की प्लेटलेटसाठी जी धावपळ होते, तिला तर महिन्यापूर्वीचं कोणतंच शिबिर पुरत नाही.

ज्यांना नेमाने रक्त लागतं त्यांना ही टंचाई सर्वांत आधी बोचते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात या आजाराचं प्रमाण जास्त असल्याने पुणे-पिंपरीच्या पेढ्यांना हा हिशेब रोजचा आहे. या मुलांकडून प्रक्रिया शुल्क घेत नाहीत. तेच शुल्क बाकीच्यांच्या बिलात दिसलं की 'दान दिलेलं रक्त विकता?' म्हणून काउंटरवर वाद होतो. शुल्क रक्ताचं नसून पिशवी, तपासण्या आणि साठवणुकीचं असतं, त्याची कमाल मर्यादाही ठरलेली आहे. पण रात्री दोन वाजता धावपळ करणाऱ्या माणसाला हे पटवणं अवघडच.

कोरोनात हा सगळा डोलारा उघडा पडला. मंडळं थंड, कंपन्या घरून, कॉलेजं बंद. २०२१ मध्ये लस घेतल्यावर आधी २८ दिवस रक्तदान करू नये असा नियम आला, मेमध्ये तो १४ दिवसांवर आणावा लागला. तेव्हापासून पेढ्यांचे जनसंपर्क अधिकारी आयोजकांच्या मागे जरा वेगळ्या तऱ्हेने लागलेले दिसतात: हेल्मेट, पाण्याचा जार अशा भेटवस्तू देऊन एका दिवसात पाचशे पिशव्यांचा आकडा नको, त्याऐवजी सोसायटीत दर तीन महिन्यांनी चाळीस दाते द्या. काही सोसायट्या तयार होतात. बॅनरवर नाव आणि फोटो हवा असलेल्यांना ते अजून पचत नाही.