कालवांच्या महोत्सवाआधी

अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या फुल्टन गावी दर वर्षी मार्चमध्ये कालवांचा, म्हणजे ऑयस्टर या खाण्याच्या शिंपल्यांचा, महोत्सव भरतो. २००८ साली तो अगदी तोंडावर आला असताना तिथल्या आरोग्य खात्याने कालवं काढायला बंदी घातली आणि बाजारात गेलेला मालही परत मागवला. तोवर कुणीही आजारी पडलेलं नव्हतं. धोक्याचा सुगावा लागला होता तो जवळच्या पोर्ट अरान्सास इथे बसवलेल्या ‘इमेजिंग फ्लोसायटोबॉट’ या यंत्रामुळे.

या यंत्रामागची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे वाहत्या द्रवातल्या पेशी मोजण्याची पद्धत, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांत जुनीच आहे. पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि प्रत्येक पेशी किती प्रकाश विखुरते, किती चमकते हे यंत्र मोजतं. एचआयव्ही रुग्णांच्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी अशाच मोजतात. वेग प्रचंड, सेकंदाला हजारो पेशी. पण हाती येतात ते आकडे. चिकटलेल्या दोन पेशी एकच म्हणून खपून जाऊ शकतात. चमक केंद्रकात आहे की बाहेर, तेही कळत नाही. इमेजिंग फ्लो सायटोमेट्रीत वाहत्या ओघातच प्रत्येक पेशीचा फोटोही निघतो.

अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेतले रॉबर्ट ऑल्सन आणि हायडी सोसिक यांनी हे तंत्र समुद्रात उतरवलं. त्यांचं यंत्र दर वीस मिनिटांना ५ मिलिलिटर समुद्राचं पाणी ओढतं. गाळलेल्या पाण्याचं वेष्टन या नमुन्याची बारीक धार करतं, म्हणून पेशी रांगेत आणि नेमक्या फोकसमध्ये येतात. लाल लेझर पडला की वनस्पतिप्लवकातलं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांतलं, हरितद्रव्य चमकतं, त्या चमकेसरशी फ्लॅश उडतो आणि फोटो निघतो. निर्जीव गाळ चमकत नाही, त्यामुळे त्याचे फोटो फारसे जमतच नाहीत. सगळी किमया या साध्या युक्तीत आहे, असं मला वाटतं.

टेक्सासमध्ये सागरशास्त्रज्ञ लिसा कॅम्पबेल यांच्या चमूने हे यंत्र लावलं होतं ते कॅरेनिया ब्रेव्हिससाठी, म्हणजे समुद्राचं पाणी लालसर करणाऱ्या तिथल्या कुप्रसिद्ध ‘लाल भरती’च्या शैवालासाठी. फोटोंत मात्र दिसू लागलं डायनोफायसिस हे दुसरंच एकपेशीय प्लवक, आणि त्याची संख्या वाढतच होती. या जिवाचं हरितद्रव्यही स्वतःचं नसतं, भक्ष्याकडून चोरलेलं असतं. लेझरसमोर ते चोरीच्या मालासकट पकडलं गेलं! डायनोफायसिस ओकाडाइक आम्ल तयार करतं. ते कालवांत साठतं, शिजवूनही जात नाही, आणि खाणाऱ्याला जुलाब-उलट्या होतात. तपासणीत कालवांमध्ये ते सापडलं. या विषापायी अमेरिकेत कालवांवर बंदी येण्याची ती पहिलीच वेळ होती. नुसती चमक मोजणाऱ्या यंत्राला इतकंच कळलं असतं, की पाण्यात हिरवं काहीतरी आहे.

फोटो मात्र तासाला हजारोंनी जमतात, ते बघणार कोण? ऑल्सन-सोसिक यांनी २००७ साली संगणकाला फोटोंतले २२ गट ओळखायला शिकवलं, तेव्हा अचूकता सुमारे ८८ टक्के होती. दुर्मीळ जातींच्या बाबतीत उरलेले १२ टक्के भारी पडतात, म्हणून जाणकाराला अधूनमधून फोटो चाळावेच लागतात. शिवाय १० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून) लहान पेशी या कॅमेऱ्यात ठिपक्यासारख्याच दिसतात. समुद्रात त्यांची संख्या अफाट आहे, आणि त्यांच्यासाठी कॅमेरा नसलेलं जुनं फ्लोसायटोबॉटच वापरतात.