मेकफाइलमधला क्रम: कुठे चालतो, कुठे नडतो

१९७६ साली बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत स्टीव्ह जॉन्सन वैतागून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. दुरुस्ती आधीच झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची (यंत्राच्या भाषेत उतरवायची) राहिल्यामुळे आधीच्या कंपाइलमधून निघालेली जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडली जात होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचाही वेळ असाच गेला होता. त्याच शनिवार-रविवारी 'मेक' आकाराला आले: बदललेल्या फाइलींवर अवलंबून असलेले तेवढेच पुन्हा तयार करणारे साधन.

तोवर बिल्ड, म्हणजे फाइलींपासून प्रोग्रॅम तयार करणे, हे शेल स्क्रिप्टचे (ओळीने लिहिलेल्या आज्ञांचे) काम, आणि कोणती आज्ञा आधी, कोणती नंतर, हे लिहिणाऱ्यानेच सांभाळायचे. मेकने हे उलटे केले: कशाला काय लागते तेवढे सांगा, क्रम मी लावतो. हे सांगणारे नियम ज्या फाइलीत लिहायचे ती 'मेकफाइल'; तिच्यात ते कुठेही लिहिले तरी चालतात. अपवाद पहिल्या नियमाचा. नुसते 'मेक' म्हटले की तोच धरला जातो, म्हणून 'ऑल' हा सगळे काही तयार करणारा नियम सगळ्यात वर लिहायची चाल पडली.

पण एक क्रम मागच्या दाराने आत राहिलाच. एकेक काम करताना मेक नियमातली अवलंबित्वे (आधी लागणाऱ्या गोष्टी) डावीकडून उजवीकडे घेते. जॉन्सन यांचेच 'याक' घ्या; ते पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा कोड, लिहून देते. ते पार्सरबरोबर 'वाय.टॅब.एच' ही हेडर फाइल (सामाईक व्याख्यांची फाइल) तयार करते आणि मजकुराचे शब्द पाडणाऱ्या लेक्सरला ती लागते. हे अवलंबित्व लिहायला विसरलात, पण पार्सर डावीकडे असला, तर वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. मग कोणीतरी 'मेक -जे८' (एका वेळी आठ कामांपर्यंत चालवा) अशी आज्ञा देतो, दोन्ही कामे एकदम सुटतात आणि हेडर सापडत नाही. तेही दर वेळी नाही, हा खरा छळ! दोष '-जे'च्या माथी मारला जातो; माझ्या मते तो बिचारा फक्त चुगली करतो.

एकाच साच्यातल्या अनेक फाइलींना लागू पडणाऱ्या पॅटर्न नियमांची गोष्ट निराळी. ग्नू मेक या मेकच्या अवतारात पूर्वी लागू पडणाऱ्यांपैकी आधी लिहिलेला नियम जिंकायचा. २०१० च्या ३.८२ आवृत्तीपासून ज्याचा 'स्टेम' (फाइलच्या नावातला '%' च्या जागी बसणारा भाग) सर्वांत आखूड, त्याला पहिला मान. बरोबरी झाली तरच लिहिण्याचा क्रम पाहिला जातो. जुन्या क्रमावर विसंबलेल्या मेकफाइली त्यामुळे वेगळ्या वागू शकतात.

२०२२ मध्ये ग्नू मेकच्या ४.४ आवृत्तीत '--शफल' हा पर्याय आला. तो अवलंबित्वांचा क्रम मुद्दाम पिसतो, म्हणजे लिहायचे राहून गेलेले नाते आपल्याच मशीनवर उघडे पडण्याची शक्यता वाढते.